दारामागचं लाल नळकांडं

बायांनो, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आज आमची नात चिऊ चालायला लागली! सुनेबरोबर ती मुंबईहून आलीय म्हणून मी घारगे तळत होते. सून ओटीवरून ओरडली, "आई, धावा, चालली बघा!" मी झारा घेऊन तशीच धावले. काय गो तिची ऐट! दोन पावलं टाकायची नि बदकन बसायचं. बघत बसले, तेवढ्यात जळका वास आला.

कढईतलं तेल पेटलेलं! वर माळ्यावर नारळाची सुकी सोडणं भरलेली.

आग विझवायचं लाल नळकांडं मुलानेच आणून दारामागे टांगलंय. दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालते. तेच उचललं नि पोर कडेवर घेतल्यासारखी उभी राहिले. दाबायचं कुठे? वरची मूठ दाबली, तर ती हलेच ना.

"आई, बाजूला व्हा!" म्हणत सुनेने गॅस बंद केला नि कढईवर परात उपडी घातली. तेव्हा विझलं.

मग तिकडे मुंबईत असलेल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर नळकांडं दाखवलं.

"आई, मूठ दाबण्याआधी तिच्यातली पिन काढलीस?"

"कसली पिन?"

"बरं, दाबाचा काटा दाखव. अगं, लाल रंगावर गेलाय! म्हणजे आतला दाबच गेलाय, पिन काढली असतीस तरी चाललं नसतं."

आता तो नवीन पाठवतोय. पाठवशील रे बाबा, पण वापरायचं कसं ते दाखवणार कोण? चिऊ तिकडे टाळ्या पिटत चालतेय नि मला हसताना रडू येतंय.

तुमच्या घरात ते नळकांडं कुणाला चालवता येतं हो? आत्ता उठून विचारा.