मंडईमागची गल्ली

मगदूमबाई रस्त्याने चालताना कुणाशी बोलत नसत. पावलं मोजत असत. मध्येच कुणी हाक मारली तर तळहात दाखवून त्याला थांबवायच्या आणि आकडा वहीत टिपल्यावरच "बोला पावणं," म्हणायच्या. "टेप धराय दोघं लागत्यात, पाय आपलंच असत्यात," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आमच्या कचेरीत त्या नकाशे काढत. मी त्यांचा साहेब. दोन हजार सालाच्या सुमाराला कॉम्प्युटर आला, तेव्हा पन्नाशीच्या बाई राजारामपुरीतल्या क्लासात पोरांशेजारी बसून तो शिकल्या. शहराचा नकाशा त्यावर चढवताना त्यांनी मंडईमागची पत्र्याची दुकानंही काढली, मालकांच्या नावांसकट. जुन्या नकाशात ती जागा मोकळी होती, म्हणून मी दुकानं पुसायला सांगितली.

"कागदावर न्हाय म्हणून दुकान न्हाय व्हय, साहेब?" एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे शहरात दंगल झाली. ती गल्ली जळाली आणि चार दिवसांत राख, पत्रे उचलून जागा साफही झाली. पंचनामा माझ्याकडे होता. जागेवर न जाता मी जुना नकाशा समोर ठेवला आणि 'मोकळी जागा, नुकसान नाही' असं लिहून सही केली. दुकानदारांना मदत मिळायची, तर दुकान होतं हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. माझ्या सहीने ते अशक्य झालं.

दुकानदारांनी तक्रार केली. तिच्या सुनावणीत वरिष्ठांपुढे बाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. त्यांनी दुकानं पुसली नव्हती, नुसती लपवून ठेवली होती. एक बटण दाबलं आणि अख्खी गल्ली पडद्यावर उभी राहिली. सायकलवाला रफीक पुढे सरकला. "ह्यो माझा गाळा. म्होरचं लिंबाचं झाड बी काढलंय बाईनं."

झाड होरपळलेलं, पण जागेवर होतं. वरिष्ठ तिथे आले. बाई झाडापासून पावलं मोजत निघाल्या आणि थांबल्या. "हितं उंबरा." माती उकरली, दगड लागला. मग दुसरा, तिसरा. दुकानदार मागोमाग चालत होते. कुणी अवाक्षर काढत नव्हतं, कारण बाई मोजत होत्या. माझा पंचनामा तिथेच रद्द झाला. एकही दुकान सुटलं नाही.

अहवालातल्या नकाशावर मात्र तो काढणारा म्हणून माझं नाव छापलं गेलं. शाबासकी मी गुपचूप घेतली. "ऱ्हाऊ द्या की. दुकानं आली न्हवं?" बाई म्हणाल्या.

गेल्या वर्षी बाई वारल्या. परवा रिक्षाने रफीककडे गेलो. त्याच्या पक्क्या दुकानात तो नकाशा फ्रेम करून लावलाय. तो उतरवायला लावून मी माझं नाव खोडलं आणि लिहिलं: सुनंदा मगदूम.

रफीकने चष्मा लावून वाचलं. "आत्ता लिवलासा व्हय, साहेब? रिक्षावाल्याला काय सांगून आलासा?"

मगदूमबाईंची गल्ली, असंच सांगून आलो होतो. सगळं शहर तेच सांगतं.