बसायला दिलेली लाइफ जॅकेटं

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं. रिटायर झालो, बीपीची गोळी चालू आहे, तरी तापतंच.

घनसावंगीकडं गोदावरीच्या काठाला एक बोटिंग पॉइंट सुरू झाला होता. झाडाखाली डबे खायचे, काठानं फिरायचं, बोटीत एक चक्कर मारायची. एका रविवारी दुपारी वळताना बोट उलटली. बोटीत तिघंच होते. बोटवाला पोहून निघाला. परतूरचा एक शिंपी बोटीला धरून वाचला. त्याची बायको बुडाली.

मी तिथल्या पोलीस ठाण्याचा इन्चार्ज. पंचनाम्याला गेलो तर बोटिंगच्या ठेकेदारानं लाइफ जॅकेटं ओली करून ओळीनं मांडलेली. "साहेब, दोघायला बराबर घातली व्हती. नवऱ्यानंच फोटोसाठी काढायला लावली. मंग आपुन काय करावं?"

बोटवाल्यानंही तेच सांगितलं, शब्दाला शब्द. ठाण्यात मी नकलांसाठी बदनाम. माणसाची बोलायची चाल माझ्या कानात लगेच बसते. तोंड बोटवाल्याचं होतं, चाल ठेकेदाराची. स्वतःचं आठवणारा माणूस अडखळतो, पढवलेला अडखळत नाही.

इकडं ठाण्याच्या दारात शिंप्याचा सासरा ओरडत होता, "फोटोपायी माही लेक घालवली ह्यानं! आत टाका ह्याला!"

शिंपी नुसता म्हणत होता, "मामा, जाकिट दिलंच न्हाई वो."

त्याचं कोण ऐकतं? गुन्हा त्याच्यावरच दाखल व्हायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर गेलो. कणसं भाजणारी मावशी विस्तवाकडं बघतच हळूच बोलली, "सायेब, ती जाकिटं बसायला ऱ्हातेत. उलटी करून पहा."

ठाण्यात येऊन जप्त केलेली जॅकेटं उलटी केली. हळदीचे डाग, तेल, एकाला कणसाचे दाणे चिकटलेले. आणि गुंडाळलेल्या पट्ट्यांना कंपनीचं रबर जसंच्या तसं! पट्टा कधी सुटलाच नव्हता, मग घातलं कुणी?

बोटवाल्यापुढं एक टाकलं. "रोज लोकायला घालतो ना? घाल."

त्यानं उलटंच डोक्यात घातलं. अडकलं. आतूनच रडायला लागला, "मालकानं सांगितलं तसं बोललो, साहेब."

ठेकेदाराला समोर घेतलं. मी तापलेलो. तो मात्र हसला. "साहेब, मागल्याच्या मागल्या रविवारी वहिनीला घेऊन तुमी आल्ते. याच्यावरच बसून कणीस खाल्लं. तवा न्हाई राग आला?"

खरं होतं ते. त्या दिवशी मी कणीस खाता खाता ह्याच ठेकेदाराची नक्कल केली होती, "चला चला, गोदामायची चक्कर!" आणि सगळ्या काठाला हसवलं होतं. मग जॅकेट न घालताच बोटीतही बसलो.

वरिष्ठांना लेखी कळवलं, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडं दिला आणि स्वतःचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला. ठेकेदार, बोटवाला दोघंही आत गेले.

आरोपीवरचा राग दोषारोपपत्र गेलं की उतरतो. हा उतरला नाही. हा माझ्यावरच आहे. गुन्हा घडायच्या आधी तो माझ्या बुडाखाली होता आणि मी दातात अडकलेला कणसाचा दाणा काढत होतो.

सासऱ्याला घरी जाऊन सांगितलं, जावई खरं बोलत होता. माझंही सांगितलं. म्हाताऱ्यानं जावयाला जवळ ओढलं, माझ्याकडं न बघताच म्हणाला, "तवाच उठून हुभं ऱ्हायचं व्हतं, सायेब."