अस्वलांच्या वाटेवर

हिमाचलमधल्या देवदारांच्या जंगलात आम्ही नवराबायको चालायला निघालो, तेव्हा आमचा वाटाड्या एका उलथलेल्या दगडापाशी थांबला. मुंग्या खायला अस्वलानं तो सकाळीच पालथा केला होता. खालची माती अजून ओली होती. "माणूस अचानक समोर आला की अस्वल घाबरून अंगावर येतं," तो म्हणाला. "आवाज आला तर आपणहून बाजूला होतं. दोघं मोठ्यानं बोलत चला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं दूध, किल्ल्या आणि गोळ्यांपुरतं उरलं होतं. अर्ध्या तासात ते सगळे विषय संपले. मग चढावर धापा टाकत, वाटेकडेच बघत हे म्हणाले, "आईच्या आजारपणात तू नोकरी सोडलीस. मी कधी काही बोललो नाही."

माझे पाय थांबले. "तेव्हा मला तुमचा फार राग यायचा," मी म्हटलं. तेही मोठ्यानंच.

"सांग ना," हे म्हणाले.

मी सांगत राहिले. रागाचं सांगता सांगता सासूबाईंच्या गमतीही आठवल्या, आणि आम्ही हसलो. अस्वल काही दिसलं नाही. आसपासच कुठेतरी असणार, आमचं ऐकून बाजूला होत असणार. त्या न दिसलेल्या जनावराचे मी मनोमन आभार मानले.

संध्याकाळी मुक्कामावर चहा घेताना दोघांचेही घसे बसले होते. तरी ह्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि खरखरत्या आवाजात विचारलं, "मग पुढं?"