अकरा वाजताचं पाणी

आमच्या गल्लीत तिला ‘बाटली’ म्हणतात. कॉलेजच्या बॅगेत वह्या कमी आणि खाडीचं पाणी भरलेल्या बाटल्या जास्त, म्हणून. नाव मीच ठेवलं, टिंगल करायला. आता माझी मलाच लाज वाटते.

खाडीच्या तोंडाशी कापड रंगवायच्या कारखान्याचा पाइप आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो. ओहोटीला उघडा पडतो आणि काळं, फेसाळ पाणी चिखलात ओकतो. त्याच चिखलात उतरून तिची आई शिंपले वेचते. तिच्या पोटऱ्यांवरचे फोड तीन वर्षं सुकले नाहीत. आम्ही मोठी माणसं नाकाला रुमाल लावून गप्प बसलो. बाटलीने कॉलेजातली चार पोरं गोळा केली आणि प्रदूषण मंडळाकडे अर्जांवर अर्ज केले.

दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा सकाळी अकराला, ऐन भरतीत. तारीख कारखान्याचा मॅनेजर सुचवायचा, आणि त्याच्या टेबलाच्या काचेखाली भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं. अहवालात एकच शब्द : समाधानकारक. बाटलीने स्वतः भरलेल्या बाटल्या नेल्या, तर मंडळाच्या ऑफिसात म्हणाले, “खासगी नमुना चालत नाही.” ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसऱ्या तपासणीला मंडळाच्या साहेबांसाठी बोट ठरली ती तिच्या मामाची. तीस वर्षांत मामाची बोट एकदाही चिखलात रुतली नव्हती. बाटली आणि मीही सोबत होतो.

अकराला साहेबांनी वरचं स्वच्छ पाणी भरलं, चिठ्ठीवर सही केली आणि म्हणाले, “चला.”

इंजिन चालू होईना. मामाने प्लग काढला, पुसला, बसवला, परत काढला. दोन वाजेपर्यंत हेच चाललं. तोवर खालचं पाणी निघून गेलं आणि बोट पाइपासमोर चिखलात बसली. साहेबांनी जेवणाचा डबा उघडला आणि वासाने तसाच बंद केला.

“कधी सुटणार आपण?”

“पाणी आलं की. आठ वाजतील,” मामा म्हणाला. “चुकलंच माझं, साहेब.”

“सहा तास इथे बसायचं?”

“माझी आई रोज असते,” बाटली म्हणाली. “ती बोटीत नसते एवढंच.”

तिने त्यांच्याच पेटीतली रिकामी बाटली त्यांच्यापुढे धरली. समोर तिची आई शिंपल्यांची टोपली बाजूला ठेवून उभी होती. साहेबांनी तिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. मग पँट वर दुमडून उतरले, आईचा हात धरून पाइपापर्यंत गेले आणि बाटली भरली.

महिन्याभरात पाइपाला सील लागलं. साहेबांच्या पायांवर दुसऱ्याच दिवशी फोड उठले होते म्हणे. धक्क्यावर मामाला अजून चिडवतात, बोट चिखलात घातली म्हणून. तो हसून सोडून देतो.

बाटली मात्र हसत नाही. म्हणते, “आईचे फोड तीन वर्षं दाखवत होते मी. त्यांना स्वतःचे यावे लागले.”