वहिनीची वजडी आणि हम्बल पाय

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर चार माणसं बसलेली दिसली की त्यांना काहीतरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. महाडमध्ये ज्युनिअर कॉलेजात शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ही खोड माझ्यात चांगलीच मुरली आहे. वाक्प्रचार हा माझा हुकमी विषय. त्यातला एक तर माझा विशेष लाडका होता, 'हम्बल पाय खाणे'. आपण नाक मुठीत धरून जाणं म्हणतो, त्याच्या जवळपासचा. आपली चूक मान्य करायची, पडती बाजू घ्यायची, समोरचा बोलेल ते मुकाट ऐकून घ्यायचं, म्हणजे इंग्रजांच्या भाषेत हा पाय खायचा. पाय हा आत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ असतो, हे मला वर्गात आधीच सांगून टाकावं लागे.

मग मी गोष्ट सांगायचो. जुन्या काळी इंग्लंडातले सरदार हरणाची शिकार करायचे. चांगलं मांस सरदार आणि त्याचे पाहुणे वरच्या टेबलावर बसून खायचे. हरणाचं काळीज, आतडी, कोथळा, असल्या पोटातल्या ऐवजाला तेव्हा अंबल म्हणत. ते कणकेच्या पारीत भरून त्याचा पाय करायचे आणि खालच्या टेबलावर नोकरांना वाढायचे. पुढे अंबलचं हम्बल झालं. हम्बल म्हणजे दीन, नम्र. तेव्हापासून ज्याला आपली पायरी ओळखून राहावं लागतं, तो हम्बल पाय खातो. गोष्ट अशी चपखल बसते की ती खरी आहे का, हे कुठे पडताळून बघावं असं मला एकदाही वाटलं नाही.

गेल्या वर्षी हीच गोष्ट सांगताना मी मध्येच थबकलो. वरचं टेबल, खालचं टेबल असं फळ्यावर काढून दाखवत होतो आणि एकाएकी मला आमचं घर दिसलं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरात आहे. तिथे दादा आणि वहिनी राहतात. घरात बकरं पडलं की ओटीवर पुरुषांची पंगत बसते, मटणाचे तुकडे आमच्या ताटात येतात, आणि बायका मागाहून चुलीपाशी बसून वजडी खातात. वजडी म्हणजे बकऱ्याची आतडी आणि पोट. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो. 'बायकांना वजडीच आवडते' असं दादा म्हणायचा आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. मी इंग्लंडातल्या सरदारांची पोरांपुढे चेष्टा करत होतो आणि स्वतः इतकी वर्षं वरच्या टेबलावर बसून जेवत होतो. मला लाज वाटली. तेवढी लाज खरी होती, हे आजही म्हणेन. पुढे मी तिचं जे केलं, ते मात्र सांगायला नको वाटतं.

त्याच सुमारास पुतण्याचं लग्न झालं. तो एमआयडीसीत एका कंपनीत नोकरीला आहे, बिरवाडीत खोली घेऊन राहतो. मुलगी महाडची, तिच्या वडिलांचे दोन ट्रक आहेत. लग्नानंतर व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच वाडीवर जेवायला येणार होते. दादाने वाडीतलंच एक बकरं घेतलं. वहिनी आठवडाभर घर सारवत होती, भांडी घासत होती. विहीणबाई महाडच्या, टापटिपीच्या. आपलं घर त्यांना कमी वाटू नये एवढंच तिच्या डोक्यात होतं. मला तिने दोनदा फोन करून विचारलं, "भावजी, त्यांना खुर्च्या लागतील काय हो?"

मी आदल्या दिवशीच गेलो. सकाळी उठलो तर वहिनी घरात नव्हती. खालच्या ओढ्यावर, पऱ्यावर गेली होती. बकऱ्याचं पोट आणि आतडी घेऊन ती पाण्यात बसली होती, चुना लावून वरचा काळा थर खरवडत होती. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. मी वरूनच बघितलं आणि माझ्या मनात आलं, बघा, पाहुणे मटण खाणार आणि ही बाई स्वतःच्या वाट्याची आतडी धूत बसलीय. आज हे थांबवायचं, असं मी ठरवूनच टाकलं. तिला विचारावं, हे काही सुचलं नाही.

पाहुणे दुपारी आले. गाडीतून उतरल्या उतरल्या व्याह्यांनी आधी वर डोंगराकडे बघितलं. तळीयेवर दरड कोसळल्यापासून डोंगरातल्या घरी येणारा प्रत्येक जण आधी वर बघतो. दादाने त्यांना आमच्या बाजूचा कातळ पक्का असल्याचं सांगितलं. पाणी झालं, चहा झाला, ओटीवर पानं मांडली. वहिनी वडे आणि मटण वाढत होती. मी उठलो आणि तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"वहिनी, तू आज आमच्याबरोबर बसायचं."

"मी बसते मागनं. माजा आत अजून हाय," ती म्हणाली आणि आत बघितलं.

"ते 'मागनं' आजपासून बंद," मी म्हणालो.

ती ओशाळून हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतोय. पण मी हात धरून तिला विहीणबाईंच्या शेजारी बसवलं, तिच्या पानात निवडून मटणाचे तुकडे वाढले आणि उभ्या उभ्या गोष्ट सुरू केली. सरदार, शिकार, वरचं टेबल, खालचं टेबल. आतडी-कोथळा नोकरांना. आमच्या घरातही पुरुषांना मटण आणि बायकांना वजडी, असं किती पिढ्या चाललंय ते सांगितलं. "ते नोकरांचं खाणं या माऊलीने इतकी वर्षं गोड मानून खाल्लं," असंही म्हणालो. माऊली हा शब्द मी रोजच्या बोलण्यात कधी वापरत नाही. तो त्या दिवशी कुठून आला कोण जाणे.

व्याही म्हणाले, "वा सर, लाख बोललात." पुतण्या माझ्याकडे कौतुकाने बघत होता. विहीणबाई वड्याचा तुकडा तसाच हातात धरून बसल्या होत्या. वहिनीने मान खाली घातली होती. तिचे डोळे भरून आले असावेत, असं वाटून मला बरंही वाटलं. दादा नुसतं "जेवा, जेवा" म्हणत राहिला. जेवणं झाली, ओट्या भरल्या, पाहुणे उन्हं कलायच्या आत खाली उतरले.

मी हात धुवायला मागच्या पडवीत गेलो. चुलीच्या निखाऱ्यांवर एक मोठं पातेलं होतं, झाकणावर पाटा ठेवलेला. आत काय आहे म्हणून उघडलं. वजडी होती. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण लावून घट्ट शिजवलेली, वर तवंग आलेला, कोथिंबीर बारीक चिरून पसरलेली. पडवी त्या वासाने भरून गेली. अख्ख्या पंगतीला पुरून उरेल एवढी होती आणि कोणी तिला हात लावला नव्हता. शेजारी फडक्यावर नवीन वाट्या पुसून उपड्या घातल्या होत्या.

वहिनी मागे येऊन उभी होती.

"ही कोणाला केलीस?" मी विचारलं.

"पाव्हन्यांना."

"मग वाढली का नाहीस?"

"नोकरांचा खाना पाव्हन्यांना कसा वाढू, भावजी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मला खरंच विचारावं, तसं तिने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वजडीला तिच्यासारखा हात वाडीत कोणाचा नाही, हे मला माहीत होतं. लग्नकार्यात लोक तिला मुद्दाम बोलावून नेतात. विहीणबाईंपुढे ठेवायला तिच्याकडे याहून चांगलं काही नव्हतं. वडे-मटण काय, कुठेही मिळतं. हे तिने शेवटी, पंगत रंगात आली की, नव्या वाट्यांतून आणायचं ठरवलं होतं. 'माजा आत अजून हाय' ते हेच.

"मला वाढ," मी म्हणालो. फडक्यावरची एक वाटी उचलून मी पुढे केली.

"तुमचा पोट भरलाय," तिने सांगितलं आणि झाकण लावलं.

हम्बल पाय खायचा म्हटलं तरी तो कोणीतरी वाढावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. तिने त्या संध्याकाळी वाटीवाटीने ती वजडी वाडीत घरोघर वाटून टाकली. घरात काही ठेवलं नाही, स्वतःही खाल्ली नाही. दादा मला एवढंच म्हणाला, "जरा कमी बोलत जा रे."

हे इथे संपलं असतं तरी मी कशीबशी मनाची समजूत घातली असती. पण पुढे एकदा कामानिमित्त बिरवाडीला गेलो आणि पुतण्याच्या खोलीवर डोकावलो. सूनबाईंनी चहा ठेवला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "काका, रागावू नका, पण त्या दिवशी आत वजडी शिजत होती ना? आईला वासावरून कळलं. तिला फार आवडते. आजीच्या हातची खाऊन ती मोठी झालीय. मागणारच होती, पण तुम्ही तसं सांगितल्यावर तिची हिंमत झाली नाही." दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीला वाढायची होती, एकीला हवी होती. मध्ये मी उभा राहून शहाणपण पाजळत होतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि मोठा शब्दकोश काढला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. अंबल हा शब्द खरा होता, हरणाच्या पोटातल्या मांसालाच म्हणत. पण तो आला होता फ्रेंचांकडून, आणि मुळात त्याचा अर्थ कमरेजवळचं चांगलं मांस असा काहीसा होता. पोटातल्या भागाकडे तो नंतर सरकला. मग आणखी काही पुस्तकं चाळली. अंबलचा पाय बड्या घरांच्या जुन्या पाककृतींत होता. पाहुण्यांना वाढत, पाहुणे आवडीने खात. दीन या अर्थाचा हम्बल हा तर वेगळाच शब्द, त्याचं कूळही वेगळं. दोन्हींचे उच्चार जवळचे, म्हणून कोणीतरी कोटी केली आणि वाक्प्रचार रूढ झाला, तोही बऱ्याच उशिरा. सरदार वर आणि नोकर खाली ही गोष्ट मागाहून जोडलेली दिसते. तिला जुना आधार मला कुठे सापडला नाही. त्या पदार्थाला लाज चिकटवली ती पुढच्या लोकांनी. त्यातल्या कितींनी तो चाखला होता, देव जाणे.

मला हायसं वाटलं, हे सांगायलाही शरम वाटते. चूक माझी नसून पुस्तकांची आहे, असा काहीतरी आनंद मला झाला होता. रविवारी महाडच्या खाटकाकडून वजडी घेतली, साफ करून घेतली आणि पहिल्या गाडीने वाडीवर गेलो.

वहिनी पडवीत तांदूळ पाखडत होती. मी पिशवी ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. ती गोष्ट खोटी होती, ते नोकरांचं खाणं नव्हतंच, मोठ्या घरांत पाहुण्यांना वाढायचे. विहीणबाईंना वजडी आवडते, त्यांच्यासाठी कर, मी स्वतः डबा नेऊन देतो, हेही सांगितलं. विहीणबाईंचं ऐकून तिचा सुपातला हात थांबला. मग तिने पिशवी उघडून बघितली.

"खोटी होती तर मग तुमाला खरी कशी वाटली?" तिने विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. शाळेत असताना मी महाडच्या वसतिगृहात राहायचो. वाडीवरून एसटीने कधी कधी माझ्यासाठी डबा यायचा. वजडी असली की मी झाकणच उघडायचो नाही. बाकीची पोरं 'आतडी खातो' म्हणून हसतील, याची मला धास्ती असायची. डबा तसाच परत गाडीत ठेवायचो. वहिनी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आमच्या घरात आली होती. सरदारांच्या गोष्टीची मला गरजच नव्हती, वजडीची लाज माझ्यात आधीपासून होती.

वहिनी पिशवी घेऊन उठली. चुलीकडे जाता जाता म्हणाली, "हाष्टेलचा डबा यायचा तो भरलेलाच यायचा. मला वाटायचा, तुमाला तिखट लागतंय. दर बारीला मी मिरची कमी करत गेले."