धुळीचा मान राखणारे भावोजी

अख्ख्या मुंबईत धुळीचा मान राखणारा एकच माणूस उरलाय, आणि तो आमच्या ताईचा नवरा आहे. औषधी पावडरींना जंतू मारायला किरणं दिलीत का, आणि दिली असतील तर डब्यावर तसं छापलंय का, हे भावोजी अंधेरीच्या एका लॅबमध्ये तपासतात. मुळ्यांना चिकटून आलेली माती म्हणे त्या किरणांची खूण जपून ठेवते आणि अंधाऱ्या यंत्रात घातली की लुकलुकते. त्यामुळे गोवंडीच्या त्यांच्या घरात कपाटावर फडकं मारायचं तर ताईला परवानगी लागते. शेजारच्या बारशाला यांनी डिंकाचा लाडू हातात घेऊन बाळंतिणीच्या आईला विचारलं, "लेबल कुठाय?" त्या बाई अजून यांच्याशी बोलत नाहीत.

न बोलण्यात आमची आईही कमी नव्हती. भावोजी बौद्ध, आम्ही मालवणकडचे; लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिनं त्यांच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. मला राग यायचा, पण तिच्यापुढं बोलायची हिंमत नव्हती. मग घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, अश्वगंधाला किरणं मारतात. आईनं घाबरून गुडघ्यासाठी घ्यायची ती पावडर बंद केली आणि पंधरवड्यात तिचा जिनाही बंद झाला. शेवटी मला म्हणाली, "माझो गुडघो पायरी चढना नाय. ही पावडर त्येंका तपासूक दी."

द्यायच्या आधी मात्र, जावयाकडे कुबट वस्तू नको म्हणून, तिनं ती गच्चीवर परातीत पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवली. भावोजींनी कपाळावर हात मारला. "वाट लागली यार! उन्हानं मातीतली खूणच पुसली ना!" त्यांनी न उघडलेला डबा मागवला. निकाल फोनवर सांगायचा नाही हा त्यांचा नियम, सासूसाठीसुद्धा. आई चडफडत माझ्याबरोबर गोवंडीला आली.

"किरणं दिलीत," भावोजी म्हणाले. "खायला धोका नाही, आई. पण डब्यावर छापलं नाही, ही लबाडी. तसं मी रिपोर्टात लिहिलंय."

आईनं विचारलं, "म्हणजे खाल्ली तर चलात?"

"मी स्वतः खाईन."

"मगे हाडा बघया पाणी."

भावोजींनी माठातलं पाणी आणलं. आईनं पावडर घेतली आणि भांडं पुरतं रिकामं केलं. भावोजी अजून लबाडीबद्दलच तावातावानं बोलत होते. ताई ओट्याशी तोंड फिरवून रडत होती. मला आनंद झाला, खूप झाला. पण अकरा वर्षं मीही गप्प बसलो याची लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.