रुसायचा कोनाडा

धारहून भावोजींचा, माझ्या दिरांचा, फोन आला तेव्हा मी बालवाडीतल्या मुलांच्या ताटल्यांत खिचडी वाढत होते. "शैला, ताई गेली," एवढंच म्हणाले. वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, वडिलांच्या श्राद्धाला म्हणून देवासहून धारच्या घरी गेल्या होत्या. सकाळी चहाला हाक मारली तर उठल्याच नाहीत. मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. समोर शाळेच्या अंगणात पिवळ्या मातीचा ढीग होता. जाण्याआधी त्यांनीच ट्रॉली मागवून तो टाकून घेतला होता, वर गोणपाट झाकून मला बजावलं होतं, "दसऱ्यापासून लिपायला घेऊ. तोवर यात मांजरं शिरू देऊ नकोस." माणूस गेल्याचं कळल्यावर मनात काय यावं याला काही नेम नसतो... माझ्या मनात आलं, आता मी एकटी ही शाळा लिपू कशी? मग मुलांना खिचडी वाढली, कारण ती भुकेली होती.

आमची बालवाडी मातीची आहे. भिंती मातीच्या, जमीन मातीची, वर कवेलू, म्हणजे कौलं. ती वन्संनी काढली, वन्संनी उभी केली आणि शेवटी त्या तिच्याच मागच्या खोलीत राहिल्या. बडोद्याला आर्किटेक्ट झालेली बाई असं काही करील हे धारच्या घरी कुणाला पटलं नव्हतं. आमच्या घराण्यात कुणी एकेकाळी दरबारी कारकून होते, दरबार गेला तरी शिस्त काही गेली नाही. त्यातून वन्सं डावखुऱ्या. जेवताना डावा हात पुढं आला की त्यांच्या आत्याबाई पाटावरून उठवायच्या, नैवेद्याच्या ताटाला हात लागला तर ताट बदलायचं. "तो हात मागं घे" हे मी लहानपणी माझ्या नावापेक्षा जास्त ऐकलं, असं त्या हसत सांगायच्या. मला मात्र ऐकताना हसू यायचं नाही.

पुढं इंदूरच्या एका ऑफिसात त्या काचेच्या इमारती काढत होत्या. एक दिवस, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, बॅग घेऊन देवासला आमच्या दारात उभ्या. "काचेच्या खोल्या बांधायच्या, मग त्या तापल्या म्हणून एसी लावायचे. मला नाही आता काढायच्या." हे, म्हणजे आमचे यजमान, कारखान्यात शिफ्टला. त्यांना वाटलं ताई चार दिवस राहील. पण त्याच सुमारास आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींना बालवाडी हवी होती, जागाही मिळाली होती, आणि वन्सं म्हणाल्या, मी काढून देते. नकाशा पाहून एक जण तोंडावरच म्हणाले, "मॅडम, गावाकडचं मातीचं घर सोडून इथवर आलो, आणि पोरांना परत मातीतच बसवायचं?" वन्सं चिडल्या नाहीत. "उन्हाळ्यात या, मग बोलू," म्हणाल्या.

आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर भिंत ठरत नाही. म्हणून आधी ती खणून काढून मुरूम भरला. भिंतींना पिवळी माती आणि भुसा, जाडी हातभर. छपराचं पाणी टाकीत, कारण देवासच्या नळाचा भरवसा कोण धरणार. खिडक्या इतक्या खाली की मोठ्या माणसाला बाहेर बघायचं तर वाकावं लागतं. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "शाळा तुझी आहे का?" आणि एका बाजूच्या भिंतीत त्यांनी एक अरुंद, उभा कोनाडा ठेवला, एक मूल गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढाच. मी विचारलं, इथं काय ठेवायचं? "मूल. ज्याला रुसायचं असेल ते. धारला मला पाटावरून उठवायचे ना, तेव्हा जायला जागाच नव्हती गं." तेव्हापासून त्याचं नाव रुसायचा कोनाडा. नियम एकच, आत बसलेल्याला कुणी बाहेर ओढायचं नाही. पहिल्याच एप्रिलमध्ये मुलांना न्यायला आलेल्या आया आत गारव्याला टेकल्या त्या उठेनात. तोंडावर बोललेल्या गृहस्थांच्या सौभाग्यवती तर सूप आणि गहू घेऊन यायला लागल्या.

मातीच्या भिंतीला दरवर्षी पावसाळ्यानंतर हात द्यावा लागतो. माती, शेण, बारीक भुसा कालवून लिपायचं, नाहीतर पुढच्या पावसात भिंत धुपायला लागते. सुरुवातीला याचा मोठा सोहळा असायचा. बाया पदर खोचून यायच्या, कुणाला साताऱ्याकडची आजी आठवायची, कुणाला नागपूरकडचं अंगण. एका वर्षी वन्संनी शेवटच्या हाताला गुळाचं पाणी घातलं, माती घट्ट धरते म्हणून. दिवाळीची सुट्टी संपली आणि दोन दिवसांत पिंकीची आई तणतणत आली. "मॅडम, आमच्या पिंकीनं भिंत खाल्ली." वन्संनी अगदी गंभीरपणे विचारलं, "किती?" आत जाऊन पाहतो तर सगळा छोटा गट भिंतीला तोंड लावून बसलेला, शेजारी मुंग्यांची रांग. "दीदी, दीवार मीठी है," पिंकीनं आम्हालाही आग्रह केला. आमची मुलं मराठीत रडतात आणि हिंदीत भांडतात, असं वन्सं म्हणायच्या, त्यात त्या दिवसापासून "आणि भिंत दोन्ही भाषांत चाटतात" हे जोडलं. पुढच्या वर्षी कडुलिंबाचा पाला उकळून घातला. मुलांनी चाखून पाहिलं, आणि मग नाद सोडला.

लिपताना मात्र वन्संचा डावा हात कुणी मागं घ्यायला सांगितलं नाही. उलट तो नसता तर कोनाडा लिपताच आला नसता. तो इतका अरुंद की आत हात घातला की कोपर वळवता येत नाही. उजव्या हाताचा तळवा आतल्या डाव्या बाजूला टेकतो, ती बाजू माझी. उजवी बाजू डाव्या हाताची, म्हणजे वन्संची. आधी एकीनं, मग दुसरीनं. हात फिरतो तशा भिंतीवर बोटांच्या कमानी उठतात, माझ्या एकीकडं झुकलेल्या, त्यांच्या दुसरीकडं. सकाळचं तिरपं ऊन आलं की कोणी कुठं लिपलंय ते आंधळ्यालाही कळेल.

हळूहळू बाया यायच्या कमी झाल्या. मुलं टायवाल्या इंग्लिश शाळांत जायला लागली. भेटल्या की विचारायच्या, "अजून पक्की नाही का झाली तुमची शाळा?" गेल्या काही वर्षांत लिपायला आम्ही दोघीच. दुपारी शाळा सुटली, मी घरी गेले, की संध्याकाळपर्यंत त्या आणि भिंती. किती वेळा म्हटलं, वन्सं, घरी चला राहायला. "भिंतीला माणसाची सवय लागते," म्हणायच्या. भिंतीलाच लागायची का ते मी विचारलं नाही. माझी मुलं पुण्याला, हे शिफ्टला. खरं सांगायचं तर मलाच त्या खोलीत जाऊन बसायची सवय लागली होती. एकदा माझं मुलाशी फोनवर वाजलं, तर मी तणतणत शाळेत गेले आणि म्हटलं, "लहानांची सोय केलीत, मोठ्यांनी कुठं रुसायचं?" त्यांनी घमेलं पुढं सरकवलं. "मोठ्यांनी लिपायला यावं."

दिवस झाले, धारहून परत आलो. हे म्हणाले, "शैला, एकदा सिमेंट मारून घे. सुटशील." ह्यांचंही खरं होतं, माझ्या गुडघ्यांकडं बघूनच म्हणाले. पण सिमेंटखाली मातीची भिंत घुसमटते, ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजत जाते, हे वन्संनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणेन. तेव्हा सिमेंट नाही. लिपलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात भिंत जाणार. आणि लिपलं तर... लिपलं तर त्यांच्या बोटांच्या कमानी माझ्या हातानं बुजणार. त्या दिवसांत मी रोज सकाळी ऊन आलं की जाऊन बघायची, एकटीच, आणि तशीच परत यायची. मला कुणावर तरी रागवायचं होतं. मातीचा ढीग मागवून ठेवून निघून जायचं, ही काय रीत झाली?

दसऱ्यानंतर ढिगावरचं गोणपाट काढलं. पिंकीची आई भेटली होती, येते म्हणाली, पण तिला जमलं नाही. एकटीनंच माती भिजवली, एकटीनंच कालवली. गोळा देणारं कुणी नसलं की दर वेळी उठावं लागतं, हे पहिल्यांदा कळलं. जुनी भिंत लिपण्याआधी ओली करावी लागते. पाणी मारलं की त्यांच्या कमानी क्षणभर काळ्याभोर उठून दिसायच्या आणि मग मीच त्यांवर हात फिरवायची. पहिल्या दिवशी रडले. नंतर माती सुकायच्या आत काम उरकायचं असतं, त्यामुळं रडणं जमलं नाही.

कोनाडा शेवटी ठेवला. माझी बाजू झाली. त्यांच्या बाजूला उजवा हात घालून पाहिला, नेहमीप्रमाणं वळेना. समोर मांडी घालून बसले, वाटलं आपणच आत सरकावं, गुडघे पोटाशी घ्यावेत आणि वन्संवर मनसोक्त रुसावं, कुणी ओढायला नाही. पण तो त्यांनी लहान मुलाच्या मापाचा केलेला. मग डावा हात आत घातला. तळवा भिंतीला टेकला तर बोटं आपोआप त्यांच्या सुकलेल्या कमानींत बसली. थोडा वेळ हात तसाच राहू दिला, आणि मग माती घेतली. फार ओबडधोबड झालंय ते, मला डाव्या हाताची सवय नाही. त्या असत्या तर सगळं पुसून पुन्हा करायला लावलं असतं. मी आत मावले नाही, वन्सं. माझा हात तेवढा मावला.